अपंग झालेल्या बहिणीची सोडचिठ्ठी : दोन लाखांवर सही करण्याआधी

जालना जिल्ह्यातून एका भावाने विचारले आहे. त्यांची थोरली बहीण ऊस भरलेल्या ट्रॉलीवरून पडली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग गेले. दवाखान्यातून सुटी झाल्यावर सासरच्यांनी ‘चार दिवस माहेरी राहू द्या’ म्हणून आणून सोडले, ते परत न्यायला कोणी आलेच नाही. नवरा चाकणला कंपनीत कामाला आहे. गावी सासऱ्याच्या नावावर सामाईक अकरा एकर जमीन आहे. नऊ वर्षांची मुलगी आजीजवळ असते. आता सासरकडून पंच येऊन बसले: पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून द्या, दोन लाख घ्या, विषय मिटवा. भावाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अपंग झाली म्हणून दाजी घटस्फोट घेऊ शकतात का, पोटगी किती मिळेल, आणि जमिनीत अर्धा वाटा मिळेल का.

आधी तातडीचे सांगते. त्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा देऊ नका. आपल्याकडे गावोगाव अजूनही अशी सोडचिठ्ठी नोटरीपुढे होते आणि लोक तिलाच घटस्फोट समजतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्यांचा (यात बौद्ध, जैन आणि शीखही आले) घटस्फोट फक्त कोर्टाच्या हुकूमनाम्याने होतो. काही समाजांत रूढीने फारकत होते आणि कलम २९(२) ने ती शाबूत ठेवली आहे हे खरे, पण अशी रूढी आहे हे सांगणाऱ्याला ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, आणि ते सोपे नाही. मग कागदाला किंमतच नसेल तर सही केली म्हणून काय बिघडले, असे एखादा शहाणा पंच म्हणेल. बिघडते ते असे. अशा कागदात ‘आम्ही दोघे आपसांतील संमतीने वेगळे राहत आहोत, यापुढे पोटगीचा हक्क राहणार नाही’ असे ठोक वाक्य असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुने फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, नवे १ जुलै २०२४ पासून) परस्पर संमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगी मागू शकत नाही असे पोटकलम ४ मध्ये लिहिले आहे. म्हणजे कागदाने घटस्फोट तर होत नाहीच, पण समोरच्या वकिलाच्या हातात पोटगी अडवायचे साधन आयते जाते. पोटगीचा हक्क कराराने सोडता येत नाही असे आपण कोर्टात म्हणू आणि बहुतेक वेळा ते मान्यही होईल, पण तेवढ्यावर वर्ष-दीड वर्ष जाते.

आणि दोन लाखांचा हिशेब करून पाहा. सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला चौदा हजार, महिन्याला बाराशेच्या आत. तेवढ्यात महिन्याचे डायपरसुद्धा येत नाहीत.

आता पहिला प्रश्न. शारीरिक अपंगत्व हे घटस्फोटाचे कारण नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधली कारणे ठरलेली आहेत: व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, विशिष्ट प्रकारचा मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, सात वर्षे बेपत्ता असणे. कुष्ठरोग हे कारण पूर्वी होते, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकले. पाय गेले, डोळे गेले, हात गेला, यातले काहीही त्या यादीत नाही. मनोविकाराच्या बाबतीतही नुसता स्किझोफ्रेनियाचा कागद दाखवून भागत नाही. आजार अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात असला पाहिजे की जोडीदाराने सोबत राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आणि नंतरही तेच धरून ठेवले आहे.

म्हणून अशा प्रकरणांत दाजींचे वकील अपंगत्वाचे नाव न घेता दुसऱ्या दाराने येतात. बायको ‘स्वतःहून माहेरी गेली, नांदायला येत नाही’ असा परित्यागाचा किंवा ‘शरीरसंबंधाला नकार देते’ असा क्रूरतेचा दावा टाकतात. त्याआधी एक नोटीस येते, ‘सात दिवसांत नांदायला या’. ही नोटीस आली की आपली माणसे रागाने फाडून टाकतात किंवा पोस्टमनला परत पाठवतात. तसे करू नका. नोटीस घ्या आणि लेखी उत्तर द्या: मी नांदायला तयार आहे, मला चालता येत नाही, तुम्हीच आणून सोडले, उपचाराचा खर्च बंद केला, व्हीलचेअर जाईल असा संडास आणि दरवाजा करून गाडी घेऊन या. असे उत्तर रेकॉर्डवर असले की परित्याग कोणी केला हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. शिवाय स्वतःच्या चुकीचा फायदा घेऊन घटस्फोट मागता येत नाही, हे कलम २३ मध्ये आहे. आजारी बायकोला माहेरच्या ओट्यावर उतरवून गेलेला माणूस तिच्यावर परित्यागाचा आरोप करतो तेव्हा न्यायाधीशांनाही ते दिसते.

‘संबंध पूर्ण तुटले आहेत’ एवढ्या कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला, घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आहे. २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ते स्पष्ट झाले. जालन्याच्या किंवा अंबडच्या कोर्टात त्या मुद्द्यावर हुकूमनामा होत नाही.

तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या आधी घेते, कारण पोटगी त्याच्यावरच उभी राहते. अर्धी जमीन मिळणार नाही. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा हे परदेशातल्या बातम्यांतून आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले खूळ आहे. घटस्फोटावेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा द्यावा असे एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, पण लोकसभेत न होता ते बारगळले. आज नवरा हयात असताना बायकोला त्याच्या शेतीत मालक म्हणून वाटा मागता येत नाही. कोर्ट घटस्फोटाबरोबर मालमत्तेचा निवाडा करते तो कलम २७ खाली, आणि तो फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरता. अकरा एकर त्यात बसत नाहीत.

तरीही सातबारा काढाच, आणि नुसता आजचा नको. जमीन सासऱ्याच्या नावावर आहे म्हणजे ती सासऱ्याची स्वकष्टार्जित आहे असे नाही. मराठवाड्यात जमिनीचा माग काढायचा तर १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापासून सुरुवात करावी लागते, मग पुढचे फेरफार. आजोबांच्या नावावर होती का, आजोबा कधी वारले, त्यानंतर वाटण्या झाल्या का. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची निघाली तर दाजींचा तिच्यात जन्मतः अविभक्त हिस्सा आहे, नावावर गुंठाभर नसला तरी. ‘माझ्या नावावर काहीच नाही साहेब’ हे उत्तर तिथेच पडते. जमीन सासऱ्याने स्वतः विकत घेतलेली असेल तर मात्र दाजींना तिच्यात आज हक्क नाही आणि आपल्याला त्यांच्या पगारावरच जावे लागेल. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ लिहिले आहे का तेही पाहा, कारण इनाम किंवा शासनाने दिलेली जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. जाता जाता एक. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेच्या काळात आणि नंतर सरकारी परिपत्रकामुळे आपल्याकडे काही गावांत बायकांची नावे सातबाऱ्यावर लागली. बहुतेक घरांत पुढच्या पिढीला ते माहीतही नाही. बहिणीचे नाव नसेल, पण सासूचे असू शकते, आणि मग हिस्स्यांचे गणित बदलते.

मालकी मिळत नसली तरी जमीन पोटगीला बांधता येते. माझ्या मते अपंग बाईच्या प्रकरणात सगळ्यात जास्त जोर इथे लावावा, आणि नेमके इथेच वकील आळस करतात. कायम पोटगीचा हुकूम करताना कोर्ट ती रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करू शकते, हे कलम २५ मध्येच लिहिले आहे. बोजा झाला की हुकूमनाम्याची नक्कल जोडून तलाठ्याकडे (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यायचा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करून घ्यायची. मग ती जमीन घ्यायला येणारा प्रत्येकजण आधी ती ओळ वाचतो. बँकही वाचते. दर महिन्याला पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणे व्हीलचेअरवरच्या बाईला जमत नाही. पीककर्जाचे नूतनीकरण अडले की भाऊबंदच दाजींना म्हणतात, दे रे बाबा तिचे पैसे.

पण कलम २५ ला घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा (लग्न न मोडता कोर्टाच्या मंजुरीने वेगळे राहणे) हुकूमनामा लागतो. लग्न मोडायचे नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम १८ खाली पोटगीचा दिवाणी दावा करा आणि त्यात बोजा मागा. दाव्यात जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा आणि त्या जमिनीवरच बोजा हवा असे स्पष्ट म्हणा. हे नुसते कलम भरायचे काम नाही. गट नंबर घालून बोजा मागितला की दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहते. दावा दाखल होणार अशी कुणकुण लागताच भावाच्या नावे बक्षीसपत्र किंवा बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करणारे नवरे मी खूप पाहिले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ज्या मालमत्तेच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क आहे ती कोणी फुकट घेतली, किंवा हक्काची माहिती असून विकत घेतली, तर पोटगी त्याच्याकडूनही वसूल होते. म्हणून दाव्यासोबत मनाई हुकुमाचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.

पोटगी किती, याला आकडा नाही. पगाराच्या २५ टक्के असे सगळीकडे सांगितले जाते. ते २०१७ च्या एका निकालातले आहे आणि त्या प्रकरणापुरते योग्य म्हणून आलेले, नियम नव्हे. आज सगळी कोर्टे चालतात ती सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालावर. त्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र देणे सक्तीचे केले आहे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असे ठरवले आहे, आणि जोडीदाराचे गंभीर अपंगत्व किंवा आजारपण, ज्याला सतत देखभाल आणि वारंवार खर्च लागतो, ते रक्कम ठरवताना विचारात घ्यायचे असे स्पष्ट सांगितले आहे. हे शेवटचे वाक्य तुमच्या अर्जात आलेच पाहिजे.

कोर्ट मात्र वाक्यावर पैसे देत नाही, पावतीवर देते. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत ‘अर्जदार अपंग असल्याने तिला मोठा खर्च आहे’ एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी महिना मांडा. कल्पना यावी म्हणून: कॅथेटर आणि युरिन बॅग १,५०० रुपये, डायपर २,५००, औषधे आणि ड्रेसिंग २,०००, फिजिओथेरपी ३,०००, उचलायला-आंघोळीला मदतनीस बाई ६,०००, दवाखान्याला जायला गाडी १,०००, खाणे-कपडा-मोबाइल ४,०००. झाले २०,०००. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. मेडिकलवाल्याकडून दर वेळी बिल मागून घ्या आणि गाडीवाल्याला फोन-पेने पैसे द्या म्हणजे नोंद राहील. मदतनीस बाई नाही, आईच सगळे करते, असे असेल तर तेही लिहा. आई पूर्वी कापूस वेचायला, निंदायला जात होती आणि आता जाऊ शकत नाही, तिची बुडालेली मजुरी हा खर्चच आहे. आई करते म्हणून तो शून्य धरू नका. बेडसोअर झाला आणि पुन्हा भरती करावे लागले, तर त्याची कागदपत्रे स्वतंत्र ठेवा.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयाच्या प्रक्रियेतून काढून घ्या, नसेल तर आजच नोंदणी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. पण कमाईची क्षमता टक्क्यांवर मोजली जात नाही. पायांचे ५० टक्के अपंगत्व असलेली शिक्षिका शिकवू शकते, शेतमजूर बाईसाठी तेच ५० टक्के म्हणजे कमाई शंभर टक्के बंद. अपघात भरपाईच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हा फरक केलेला आहे, पोटगीतही तो मांडावा. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू असेल तर समोरचा ते ‘उत्पन्न’ म्हणून दाखवेल. शपथपत्रात ते लपवू नका. ती सरकारी मदत आहे, तिने नवऱ्याची जबाबदारी फिटत नाही, हे वकिलाने सांगायचे.

दाजींचे उत्पन्न कसे काढायचे? पगाराचे सोपे आहे: कंपनीचे नाव आणि पत्ता द्या, कोर्ट पगारपत्रक मागवते. शेतीचे अवघड, कारण शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, विवरणपत्र नाही. आणि मराठवाड्यात पोटगीच्या प्रत्येक लेखी उत्तरात दुष्काळ असतोच, अगदी ज्या वर्षी अतिवृष्टीचे अनुदान घेतले त्या वर्षीही. त्याला तोंड द्यायला कारखान्याची ऊस बिले, आडत दुकानाच्या सोयाबीनच्या पट्ट्या, ई-पीक पाहणीच्या नोंदी, पीक विम्याची रक्कम, पीएम किसान आणि नमो शेतकरीचे वर्षाला सहा-सहा हजार कोणाच्या खात्यात येतात, हे सगळे मागवा. सहकारी सोसायटीच्या कर्जखात्यावर किती क्षेत्रात काय पीक दाखवले ते कळते. कर्ज घेताना माणूस ऊस दाखवतो आणि पोटगीत पडीक. दोन्ही कागद शेजारी ठेवले की उलटतपासणीला फार वेळ लागत नाही.

एवढे करूनही कोर्ट मागितलेली पूर्ण रक्कम देईल असे समजू नका. चाकणला वीस-पंचवीस हजार पगार असलेल्या माणसावर आई-वडील आणि मुलगी यांचाही भार धरला जातो. म्हणूनच मासिक पोटगीसोबत बोजा आणि राहण्याचा हक्क यांचा विचार एकत्र करा.

राहण्याचा हक्क घरगुती हिंसाचार कायदा, २००५ मध्ये आहे. कलम १७ आणि १९. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तो जात नाही, तिथे ती संसार करून राहिली असेल तर ते ‘सामायिक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. पण मी स्पष्ट सांगते: अंगावरचे सगळे दुसऱ्याने करावे लागणाऱ्या बाईला तिरस्कार करणाऱ्या घरात कोर्टाच्या हुकमाने पाठवणे मला पटत नाही. त्याच कलमात पर्यायी घर किंवा त्याचे भाडे मागता येते. तेच मागा, आणि व्हीलचेअरला उतार, कमोड आणि बाथरूम यासाठी एकरकमी खर्चही मागा. हा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो. वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मागता येते, पण आधीचा हुकूम सांगावा लागतो आणि रक्कम वळती होते.

स्त्रीधनाला वाटणी नसते. माहेरचे आणि सासरचे सोने, आंदण, रुखवतातली भांडी, कपाट, गादी, तिला भेट आलेली रक्कम, सगळे तिचे एकटीचे. लग्नाच्या फोटोतले दागिने आणि सोनाराची पावती काढून यादी करा. उपचाराला म्हणून सोने मोडले असे सासरचे सांगतील, मग दवाखान्याचे बिल कोणी भरले ते विचारा. बऱ्याचदा ते सरकारी आरोग्य योजनेतून आणि माहेरकडून भरलेले असते.

तुमच्या पत्रात न विचारलेली पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपघाताची भरपाई. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा होता का, मोटार अपघात दावा दाखल झाला का, आणि झाला असेल तर पैसे कोणाच्या खात्यात जाणार आहेत? मुदतीचा मुद्दा येतो, त्यामुळे हे या आठवड्यात पाहा. भरपाई तिच्या शरीराच्या नुकसानीची आहे, ती संसाराची सामाईक रक्कम नाही. पंच दोन लाख घेऊन इतक्या घाईने का आले, याचे उत्तर कधी कधी या दाव्याच्या फाइलमध्ये सापडते. संयुक्त खाते असेल तर तिच्या एकटीच्या नावे नवे खाते उघडा आणि न्यायाधिकरणाला रक्कम मुदत ठेवीत ठेवायला सांगा.

मग घटस्फोट घ्यावा का? माझा कल नाही या बाजूला आहे, निदान आज तरी. पत्नी असेपर्यंत ती नवऱ्याच्या पश्चात पहिल्या वर्गाची वारस आहे, कुटुंब निवृत्तिवेतन किंवा भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला तर तिचा हक्क उभा राहतो. घटस्फोट झाला की हे संपते, पोटगी फक्त उरते. वेगळे राहायचे आहे, पण नाते कायद्याने तोडायचे नाही, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता घेता येते. दाजींना दुसरे लग्न करायचे असेल (घाई बहुधा त्याचीच असते) तर गरज त्यांची आहे. घटस्फोटाशिवाय दुसरे लग्न केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तडजोडीच्या बैठकीत हे सगळे तुमच्या बाजूला आहे, म्हणून पडते घेऊन बोलू नका.

तरीही तिलाच मोकळे व्हायचे असेल, तर कलम १३ब खाली संमतीने. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. सहा महिन्यांची वाट पाहण्याची अट योग्य प्रकरणात कोर्ट शिथिल करू शकते, २०१७ पासून. अटींमध्ये नुसती एकरकमी रक्कम घेऊ नका. काही भाग मुदत ठेव, तिच्या एकटीच्या नावे, व्याज दरमहा. काही भाग तालुक्याच्या गावी तळमजल्यावरचे एक खोलीचे घर किंवा प्लॉट. शेतजमीनच देणार असतील तर दोन खाचखळगे आहेत. मराठवाड्यात शेतजमिनीच्या व्यवहाराला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू होतो आणि वर तुकडेबंदी आहे: जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. दुसरे, संमतीच्या अर्जात त्या जमिनीचा उल्लेख दाव्याचा विषय म्हणून नसेल तर हुकूमनामा नोंदणीशिवाय कामाचा राहत नाही. रक्कम पूर्ण जमा झाल्याशिवाय दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या संमतीच्या तारखेला जबाब देऊ नका. ‘राहिलेले सुगीला देतो’ यावर तर अजिबातच नाही.

मुलीबद्दल. आईला चालता येत नाही म्हणून ताबा मिळत नाही असे नाही, पाहिले जाते ते मुलीचे हित. पण नऊ वर्षांच्या मुलीने आईचे आजारपण काढायला यावे असा सूर अर्जात येऊ देऊ नका. ताबा जमत नसेल तर सुट्ट्यांत आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी भेट आतापासून मागा, उशीर झाला तर मूल दुरावते.

उलट प्रकरणेही येतात: नवऱ्याला लकवा आणि बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका. कलम १४४ फक्त पत्नी, मुले आणि आई-वडिलांसाठी आहे, नवऱ्याला तिथे काही नाही. पण हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ दोघांनाही आहेत. २०२२ मध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या प्रकरणात शिक्षक असलेल्या घटस्फोटित पत्नीने उत्पन्न नसलेल्या माजी नवऱ्याला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी देण्याचा हुकूम कायम ठेवला. आणि अपंग नवऱ्याकडून पोटगी मागायची असेल तर त्याच्या हातापायापेक्षा त्याच्या जमिनीच्या उत्पन्नाकडे बोट दाखवा. मुस्लिम भगिनींसाठी एवढेच की घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही पोटगीच्या त्या कलमाचा (जुने १२५, आता १४४) आधार घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. मेहर वेगळी.

बहुतेक दावे बहीण जिथे राहते तिथे करता येतात. दाजींनी पुण्यात दावा टाकला तर तो इकडे वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करा, अपंगत्व हे त्याला भक्कम कारण आहे. साक्षीसाठी घरी कोर्ट कमिशनर किंवा व्हिडिओवर साक्ष, दोन्ही मागता येते. पोटगीच्या, मालमत्तेच्या आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि दिव्यांग व्यक्ती, दोन्ही नात्यांनी तिला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न न पाहता. फोन १५१००. पोटगी थकली तर कलम १४४ च्या वसुलीचा अर्ज देय तारखेपासून वर्षाच्या आत द्यावा लागतो, वर्षानुवर्षे साठवून ठेवू नका.

तुम्ही इतके सविस्तर लिहिलेत, पण ताईला काय हवे आहे ते पत्रात कुठे नाही. तिचे डोके शाबूत आहे, ती सज्ञान आहे. दावा तिच्या नावाने, तिच्या सहीने होणार, तुम्ही फार तर मुखत्यार. नवऱ्याकडे जायचे आहे का, मुलगी हवी आहे का, मोकळे व्हायचे आहे का, हे तिला पंच नसताना, आई नसताना, तुम्हीही नसताना एकदा वकिलाला सांगू द्या. त्या भेटीला सातबारा आणि ८-अ, जुने फेरफार मिळतील तेवढे, लग्नपत्रिका आणि फोटो, दवाखान्याची फाइल, अपघाताची फिर्याद, दाजींच्या कंपनीचे नाव आणि तो न सही केलेला स्टॅम्प सोबत आणा. स्टॅम्प परत मागितला तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा. दोन लाखांची बोली त्यांनीच लिहिलेली आहे, आणि ती आपल्या उपयोगाची आहे.